अर्धा फेरा

चावीकाकांचा सरकारी कागदावरचा हुद्दा चांगला दीड ओळीचा होता, पण तो वाचण्याच्या भानगडीत कधी कुणी पडलं नाही. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून हा माणूस सत्तावीस वर्षं त्याच नऊ रस्त्यांवरून हिंडला, म्हणून ते चावीकाका. काम सोपं. रस्त्यातलं झाकण उचलायचं, खड्ड्यात चावी सोडायची, ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसली की फिरवायची. या व्हॉल्व्हला अठरा फेरे, त्याला बावीस. फेरे पुरे झाले की एका भागाचं पाणी सुरू आणि दुसऱ्याचं बंद. मोजताना कुणी हाक मारली तर काका ओ देत नसत. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी गाडीतून हाक मारली, तर यांनी आधी उरलेले सात फेरे पुरे केले, झाकण लावलं, हात पुसले आणि मग विचारलं, "काही म्हणालात?"

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाची हकिगत सांगणं सोपं असतं, त्याच्यावर राग काढून मोकळं होता येतं. काकांच्या बाबतीत ती सोय नाही.

नऊ रस्त्यांवरच्या सगळ्या व्हॉल्व्हांत एकच व्हॉल्व्ह निराळा होता. उताराच्या तळाशी, शेवटच्या गल्लीच्या तोंडावर. तो एकवीस फेऱ्यांचा. बंद करताना मात्र साडेवीस फेऱ्यांवर हात थांबवायचा, शेवटचा अर्धा फेरा सोडायचा, म्हणजे गल्लीच्या लाइनीत पाण्याची बारीक धार दिवसभर वाहत राही. हे काकांना त्यांच्या वस्तादांनी, म्हणजे आधीच्या चावीवाल्यांनी, कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"का पण?" तेव्हा पंचविशीत असलेल्या काकांनी विचारलं.

"तुला पगार फिरवायचा मिळणार आहे," वस्ताद म्हणाले, "विचारायचा नाही."

वस्ताद निवृत्त झाले, पुढे वारले. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि काकांनी पुन्हा विचारलं नाही. हात साडेवीसवर आपोआप थांबायला शिकला.

त्या शेवटच्या गल्लीत काकांची थोरली बहीण राहायची. आई गेली तेव्हा काका चार वर्षांचे होते आणि ताई पंधराची. पुढे बापाने अंथरूण धरलं, आणि ताईने शाळा सोडून घर अंगावर घेतलं. धाकट्याला न्हाऊमाखू घातलं, मारलं, शिकवलं, दहावीत दोनदा नापास झाला तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त रडली. स्वतःचं लग्न तिने धाकट्याला नोकरीला चिकटवल्यावरच केलं. चिकटवलं म्हणजे खरोखरच चिकटवलं: वस्तादांच्या दारात ती सलग नऊ सकाळी जाऊन उभी राहिली, दहाव्या दिवशी वस्ताद वैतागून म्हणाले, "आण बाई त्याला." आता ती साठी पार केलेली, लेकीच्या आणि दोन नातवंडांच्या संगतीने दोन खोल्यांत राहत होती. जावई कामासाठी परगावी. दर रविवारी काका तिच्याकडे जात, आणि ती त्यांना अजून "धाकट्या" म्हणे. अख्ख्या शहरात त्यांना अरेतुरे करणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

तर अशा या माणसाला साहेबांनी प्रशिक्षणाला पाठवलं.

साहेब म्हणजे पाणीखात्याचे नवे इंजिनिअर, काकांच्या मुलाच्या वयाचे. कुठल्याशा परदेशी संस्थेने शहरात तीन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. विषयाचं नावच असं की ऐकून माणसाने घरी जावं: गुंतागुंतीचे जागतिक प्रश्न आणि प्रणाली-विचार. संस्थेची अट होती की खुर्चीवर बसणाऱ्यांबरोबर हाताने काम करणारा एक तरी माणूस पाहिजे. साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं, तेव्हा काका चावीला तेल लावत बसले होते. निवड झाली.

पहिल्या दिवशी काका भिंतीलगत, दाराशेजारी बसले. थंडगार सभागृह, प्रत्येकापुढे कोरा कागद, रंगीत चिठ्ठ्या, तीन पेनं. शिकवायला मॅडम होत्या, पन्नाशीच्या, आवाज शांत. त्यांनी सगळ्यांना उठवलं आणि एक खेळ घेतला. प्रत्येकाने मनातल्या मनात खोलीतली दोन माणसं निवडायची आणि दोघांपासून सारख्या अंतरावर जाऊन उभं राहायचं. झालं, चाळीस माणसं सरकायला लागली. एक थांबेपर्यंत दुसरा हलायचा, दुसरा हलला की तिसऱ्याचं अंतर बिघडायचं. टाय लावलेले लोक एकमेकांच्या पायावर पाय देत होते. काकांना हसू आवरेना.

"काय झालं, काका?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम," काका म्हणाले. "हे तर आमचं रोजचंच आहे. मी इथे एक चावी फिरवतो आणि पाच गल्ल्या पलीकडे बाई बादली आपटते. तिला मी दिसत नाही, मला ती दिसत नाही."

मॅडमनी हे वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. काकांचं वाक्य याआधी कुणी कशावरही लिहिलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि तो लपवायचं कौशल्य त्यांच्याकडे नव्हतं.

दुपारपासून ते पहिल्या रांगेत बसू लागले. बाण कसे काढायचे ते शिकले. एका गोष्टीमुळे दुसरी वाढते की घटते, ते बाणाच्या टोकाशी अधिक-उणे करून कसं दाखवायचं ते शिकले. बाण फिरून जिथून निघाला तिथेच आला की त्याचं वर्तुळ होतं, आणि बरेच प्रश्न अशा वर्तुळांमुळे सुटत नाहीत, उलट चिघळतात. कारण आणि परिणाम यांच्यात वेळ जात असेल तर बाणावर दोन आडव्या रेघा मारायच्या, तो विलंब. आणि चित्राभोवती तुटक रेषेने कुंपण काढायचं, म्हणजे आपण कशाचा विचार केला आणि कशाचा नाही ते कळतं. "कुंपणाबाहेर काय राहिलं, हे रोज एकदा स्वतःला विचारा," मॅडम म्हणाल्या. काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शहराचं पाणी कागदावर काढलं. उंचावरच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, म्हणून लोक लाइनीलाच मोटार लावून ओढतात. मोटारी लागल्या की दाब आणखी पडतो. दाब पडला की शेजारीही मोटार आणतो. ज्यांना तेही जमत नाही ते बोअर मारतात, बोअर वाढल्या की जमिनीतलं पाणी खाली जातं, विहिरी आटतात, विहिरींवर जगणारे टाकीच्या पाण्यावर येतात, टाकी आणखी लवकर रिकामी होते. शेवटचा बाण काकांनी फिरवून पहिल्याला जोडला तेव्हा सभागृहात टाळ्या वाजल्या. पाणीखात्यात जन्म काढलेल्या अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. एकाने फोटो काढला. सत्तावीस वर्षं जे हातांना माहीत होतं ते आता काकांना डोळ्यांनी दिसत होतं, आणि दिसणारी गोष्ट नुसत्या माहीत असलेल्या गोष्टीपेक्षा मोठी, असं त्यांनी त्या दुपारी ठरवून टाकलं.

घरी जाऊन त्यांनी बायकोलाही वर्तुळं काढून दाखवली. भाजी खारट का झाली, याची. "मीठ जास्त पडलं म्हणून झाली," ती म्हणाली. "याच्यात वर्तुळ कसलं? गिळा मुकाट्याने."

तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, या चित्रात अशी कोणती मोक्याची जागा आहे, जिथे थोडंसं हलवलं की सगळं चित्र हलेल? सगळे आपापल्या कागदावर वाकले. कुणी मोठी टाकी म्हणालं, कुणी नवी लाइन, कुणी मोटारींवर धाडी. मग काका उठले आणि फळ्यापाशी गेले. चित्राच्या तळाशी त्यांनी एक छोटा गोल काढला, तिथून बाहेर जाणारा एक बाण काढला, आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं: वाया.

अर्ध्या फेऱ्याची गोष्ट त्यांनी तेव्हा पहिल्यांदा चारचौघांत सांगितली. रोज वीस तास टाकीचं पाणी एका गल्लीत नुसतं झिरपत राहतं. कुणाला कळत नाही, कुणी मागितलेलं नाही. तेवढं थांबलं तर टाकीची पातळी हातभर वर राहील, वसाहतीत दाब चढेल, मोटारी बंद पडतील, वर्तुळ उलटं फिरायला लागेल. खर्च शून्य. अर्धा फेरा.

साहेबांनी तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला. त्यांचे डोळे चमकले.

मॅडमनी मात्र विचारलं. हे सांगितलं पाहिजे, कारण नंतर पुष्कळांनी त्यांना बोल लावला. त्या म्हणाल्या, "काका, तो अर्धा फेरा कुणीतरी मुद्दाम सोडला असेल ना? कशासाठी सोडला होता?"

काकांना वस्तादांचा चेहरा आठवला. तो खेकसणारा, कारण न सांगणारा, फळ्यावर एकही बाण न काढता आलेला म्हातारा. सगळं सभागृह काकांकडे बघत होतं. "माहीत नाही," असं म्हणायला हवं होतं. दोनच शब्द होते. पण तीन दिवस ज्याला सगळं माहीत होतं त्याच्या तोंडून ते निघाले नाहीत.

"काही नाही मॅडम," काका म्हणाले, "जुनी सवय. पूर्वीच्या लोकांची."

पुढच्या सोमवारी काकांनी एकविसावा फेरा पुरा केला. शेवटी व्हॉल्व्ह कुरकुरला, इतकी वर्षं तो तिथवर गेलाच नव्हता. चारच दिवसांत उंचावरच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी आलं. लोक बाल्कनीत येऊन एकमेकांना ओरडून सांगू लागले. साहेबांनी सगळ्या कार्यालयासमोर काकांचा हात हातात घेतला. संस्थेच्या पत्रिकेत काकांचा चावीसकट फोटो छापून आला, खाली ओळ: तळातला माणूस, उंचावरचा उपाय.

तो फोटो आणि प्रमाणपत्र घेऊन काका रविवारी ताईकडे गेले. ताईने चष्मा लावून प्रमाणपत्र दोनदा वाचलं, पदराने पुसलं आणि भाचीला म्हणाली, "बघ तुझा मामा. दहावीला दोनदा गचकलेला." मग तिने चित्र काढून दाखवायला सांगितलं. काकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळं शहर काढलं, टाकी, वसाहत, मोटारी, बोअर.

"आणि आपलं घर कुठाय?"

काकांनी खालच्या बाणावर बोट ठेवलं.

"इथे तर वाया लिहिलंय."

"ते पाण्याला म्हटलंय गं, तुला नाही."

ताई एवढी हसली की तिला ठसका लागला.

तिसऱ्या आठवड्यात ताईने सांगितलं की पाण्याला वास येतोय. पाणी सुटतं तेव्हा पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, मग निवळतं, पण वास जात नाही. गल्लीतल्या सगळ्यांकडे तसंच आहे.

इथे काकांनी चावी उचलून गल्लीच्या तोंडाशी जायला हवं होतं. पूर्वीचे काका गेले असते. नळाखाली हात धरून, वास घेऊन त्यांनी निम्मं दुखणं ओळखलं असतं. हे काका शिकलेले होते. त्यांनी भाचीच्या मुलीची पेन्सिल घेतली आणि त्याच कॅलेंडरवरच्या एका बाणावर दोन आडव्या रेघा मारल्या.

"याला विलंब म्हणतात, ताई. कुठलाही चांगला बदल केला की आधी थोडं बिघडतं आणि मग सुधारतं. लाइनीतला जुना गाळ आता निघतोय. लोक इथेच घाई करतात, जुनंच परत आणतात आणि सगळं मुसळ केरात जातं. सहा आठवडे धीर धरायचा."

"सहा आठवडे?"

"सहा. लिहून घे."

"लिहायचं काय त्यात? तू म्हणतोस ना," ताई म्हणाली.

काकांच्या या शहाणपणाला कार्यशाळेत कुणी शिकवलेला आधार नव्हता. सहा हा आकडा तर त्यांनी जागच्या जागी काढला होता. विलंब असतो एवढं शिकवलं होतं. कशाचा, ते बघायला लागतं. पण बोलताना त्यांचा आवाज मॅडमसारखा शांत झाला होता, आणि ताईच्या घरात त्या आवाजावरची शंका बोलून दाखवणारं कुणी नव्हतं.

पाचव्या आठवड्यात, एका मंगळवारी, गल्लीतली पहिली तीन माणसं दवाखान्यात गेली. बुधवारी दुपारपर्यंत सतरा झाली. काकांना पाणीखात्यातल्या फिटरचा फोन आला तेव्हा ते वसाहतीच्या व्हॉल्व्हपाशी होते, चौदाव्या फेऱ्यावर. पहिल्यांदा त्यांनी मोजणी अर्धवट सोडली.

ताई कोपऱ्यातल्या खाटेवर होती. दोन दिवसांत बाई निम्मी झाली होती. डोळे खोल, ओठांना भेगा, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. उलट्या आणि जुलाबांनी अंगातलं पाणी संपलं होतं. ज्याने जन्मभर लोकांच्या घरी पाणी पोचवलं त्याच्या बहिणीला सुई लावायला शीर सापडत नव्हती. डॉक्टरीणबाई तिसऱ्या प्रयत्नानंतर मान वर न करता म्हणाल्या, "पाण्यातूनच आहे. कुठलं पाणी पितात हे लोक?"

काकांनी ताईचा दुसरा हात पुढे केला.

"धाकट्या," ताई म्हणाली, आवाज जेमतेम. "परवाचं उरलेलं खाल्लं रे मी. टाकवेना. माझंच चुकलं."

"बोलू नकोस."

"तू जेवलास?"

गुरुवारी दुपारी ती गेली. तिच्याआधी गल्लीतला एक सुतार गेला होता, तिच्यानंतर एक दोन वर्षांची मुलगी गेली.

शुक्रवारी सकाळी गल्लीच्या तोंडावर रस्ता खोदला. साहेब, फिटर, चार मजूर, आणि काका, कारण व्हॉल्व्ह बंद करायला चावीवाला लागतोच. सुट्टी घ्या असं त्यांना कुणी म्हटलं नाही, त्यांनी मागितली नाही. कमरेइतकं खोदल्यावर पाइप दिसला, आणि पाइपला चिकटून, त्याच्या अंगावरून, फुटक्या गटाराचं काळं पाणी वाहत होतं. पाइपाच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट. फट आजची नव्हती, तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"हे तर जुनं आहे," साहेब म्हणाले. "मग आजवर काही कसं झालं नाही?"

फिटर खड्ड्यात उभा होता. त्याने कार्यशाळा केली नव्हती. त्याने कपाळाचा घाम कोपराने पुसला आणि सहज सांगितलं, "साहेब, लाइन भरलेली असली की पाणी फटीतून बाहेर जातं. लाइन रिकामी झाली की बाहेरचं आत ओढलं जातं. या लाइनीला काहीतरी बारीक धार कायम असणार पूर्वी. भरलेली राहायची. हल्ली कुणी पुरी बंद केली काय?"

काका रस्त्याच्या कडेला चावीचा आधार घेऊन उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, फिटरने पाहिलं. त्याला एका क्षणात कळलं आणि तो खाली बघून माती उकरायला लागला.

काकांना वस्तादांचं तेव्हा कळलं. म्हाताऱ्याला फट माहीत होती. दुरुस्तीसाठी त्याने वर किती खेटे घातले असतील कुणास ठाऊक, कुणी रस्ता खोदून दिला नसेल, म्हणून त्याने आपल्या हातात होता तेवढा उपाय केला आणि वर्षानुवर्षं लोकांना त्या अर्ध्या फेऱ्यावर जगवलं. उपाय चालला, म्हणून फटीची आठवण बुजली. वर्तुळच होतं ते, आणि चांगलं ठसठशीत. चित्रात बाहेर जाणारा बाण काकांनी काढला होता; त्याच फटीतून आत येणारा बाण काढायचा राहिला होता. सांधा बदलायला दोन दिवस लागले.

तीन महिन्यांनी संस्थेने पुन्हा बोलावलं. आता मोठं सभागृह, परदेशचे पाहुणे. काकांनी यशोगाथा सांगायची होती. साहेबांनी ती टाइप करून दिली होती, त्यात वसाहतीच्या दाबाचे आकडे होते. काकांनी कागद घडी करून खिशात घातला. ते फळ्यापाशी गेले आणि तेच चित्र त्यांनी पुन्हा काढलं. मग लाल पेनाने तो राहिलेला बाण काढला. आपल्याला विचारलं होतं आणि आपण "जुनी सवय" असं उत्तर दिलं, हे सांगितलं. तीन माणसं गेली, त्यात एक माझी बहीण, हेही सांगितलं. एवढं बोलून ते उभे राहिले. शिक्षा मागायला आलेल्या माणसाने उभं राहावं तसे. कुणीतरी ओरडावं, निदान उठून निघून जावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मग मागच्या रांगेतून एकाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. काही लोक उभे राहिले. एक पाहुणे पुढे येऊन काकांचा हात दाबत म्हणाले की इतकं प्रामाणिक उदाहरण त्यांनी कुठेच ऐकलेलं नाही, आणि हे चित्र त्यांना इतर देशांत शिकवायला वापरता येईल का? मॅडम एकट्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या खुर्चीत तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. बाहेर पडताना साहेब हळूच म्हणाले, "काका, मांडलंत छान. फक्त ते तीनचा आकडा वगैरे नको होतं."

काका तसेच ताईच्या घरी गेले. भाचीला त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. दिवसकार्याच्या दिवसांत तिने त्यांना धरून रडून घेतलं होतं आणि त्यांनी रडू दिलं होतं. आज त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून, बाणासकट. भाची ओट्याला टेकून उभी राहून ऐकत होती. मुलं बाहेर खेळत होती, दोघांच्या अंगावर बाळसं होतं. तीन महिने जे काकांना आतून कुरतडत होतं ते त्यांनी विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"एकाच नळाचं पाणी गं तुम्ही चौघं पीत होता. तुम्हा तिघांना काहीच कसं नाही झालं?"

भाचीने ओट्यावरचं पातेलं बाजूला सरकवलं.

"मी उकळत होते, मामा," ती म्हणाली. "वास यायला लागला त्या दिवसापासून. आम्ही तिघं उकळलेलंच प्यायचो."

"आणि ताई?"

"तिने नाही ऐकलं. गल्लीतले लोक तक्रार घेऊन तुमच्या ऑफिसवर येणार होते, माहितेय? चाळीस सह्या झाल्या होत्या. आईने अडवलं. म्हणाली, माझा भाऊ यातलं शिकून आलाय, सहा आठवडे म्हणालाय, उगाच त्याच्या नोकरीला बट्टा लावू नका. लोक म्हणाले, मग तुमच्या घरात पाणी का उकळता? तेव्हापासून रोज सकाळी नळ आला की ती बाहेर यायची, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहायची आणि तांब्याभर पाणी तसंच प्यायची. तिचं बघून बाकीचेही प्यायला लागले."

काकांनी विचारलं, "तिला वास येत नव्हता?"

"येत होता की," भाची म्हणाली. "बाहेर हसत हसत प्यायची. मग आत येऊन माझ्या उकळलेल्या पाण्याने चूळ भरायची."